उपयोगिता प्रमाणपत्रावर गावाची सही हवी

चंद्रपूर जिल्ह्यातल्या नागभीड तालुक्यात नांदेड नावाचं छोटं गाव आहे. तिथले दादाजी खोब्रागडे तिसरीपर्यंत शिकलेले, जेमतेम दीड एकर धानशेती असलेले शेतकरी. 1983 च्या सुमारास भाताच्या बांधीत (खाचरात) त्यांना बाकीच्यांपेक्षा वेगळ्या दिसणाऱ्या काही लोंब्या सापडल्या. त्यांनी त्या बाजूला काढून ठेवल्या, पुढच्या हंगामात वेगळ्या लावल्या, त्यातून पुन्हा निवड केली आणि असं कित्येक हंगाम करत राहिले. त्यातून बारीक दाण्याचा, चांगला उतारा देणारा जो तांदूळ हाती आला, त्याला त्या काळच्या लोकप्रिय घड्याळावरून एचएमटी हे नाव पडलं. आज विदर्भात कुठल्याही किराणा दुकानात हा तांदूळ मिळतो. 1994 मध्ये पंजाबराव कृषी विद्यापीठाच्या (पीकेव्ही) सिंदेवाही केंद्राने प्रयोगासाठी दादाजींकडून थोडं बियाणं नेलं आणि 1998 मध्ये 'पीकेव्ही-एचएमटी' या नावाने वाण प्रसारित झाला. बियाणं आपण शुद्ध केलं, ही विद्यापीठाची बाजू. ती पूर्ण खरी धरली तरी शुद्ध करायला आलेलं बियाणं कुणाच्या नजरेतून आणि कुणाच्या कष्टातून आलं, याची खूण त्या नावात कुठेच नव्हती. दादाजींना पुढे राष्ट्रीय पातळीवरचा पुरस्कार मिळाला, परदेशी मासिकांनी दखल घेतली. पण 2018 मध्ये ते गेले, ते हलाखीतच.

ही हकीकत आपण अन्यायाची कहाणी म्हणून एकमेकांना सांगतो. ती आहेच. पण संशोधन प्रकल्पांच्या कागदपत्रांत बरीच वर्षं घालवल्यामुळे मला त्यात एक गोष्ट जास्त खुपते. बियाणं नेताना त्या शेतकऱ्याच्या हाती एक साधा करार असता तर? हे बियाणं अमुक व्यक्तीने निवडून तयार केलं, ते प्रयोगासाठी दिलं आहे, त्यातून वाण निघाला तर नावात आणि लाभात त्याचा वाटा राहील, एवढ्या तीन ओळी आणि दोन सह्या. पुढे 2001 च्या पीक वाण संरक्षण आणि शेतकरी हक्क कायद्याने शेतकऱ्याला स्वतःचा वाण स्वतःच्या नावावर नोंदवायची सोय दिली, त्यासाठी शुल्कही माफ केलं आणि दादाजींचा एचएमटी या कायद्याखाली त्यांच्या नावे नोंदला गेला. म्हणजे कागद गरिबाच्या बाजूने उभा राहू शकतो. फक्त तो तशा हेतूने आखावा लागतो.

म्हणून विद्यापीठांच्या संशोधनातली 'कागदबाजी' बंद करा, लोकांसोबत मोकळेपणाने काम करू द्या, ही जी मागणी प्राध्यापक मंडळींकडून सतत येते, तिच्याशी मी अर्धीच सहमत आहे. कागद कमी झाले की गावाचं भलं होतं असं नाही. कधी कधी गावाच्या हाती तेवढाच एक आधार असतो. माझी तक्रार वेगळी आहे. गाव, वस्ती, बचत गट, ग्रामसभा, कामगारांची संघटना यांना संशोधनात सोबत घेताना आज जे कागद मागितले जातात ते जवळपास सगळे विद्यापीठाला ऑडिटपासून आणि कोर्टापासून वाचवण्यासाठी आहेत. सोबत घेतलेल्या माणसांना वाचवणारा, त्यांना काही परत मिळवून देणारा कागद त्या फायलीत नसतो. असा एक कागद उपयोगिता प्रमाणपत्राला, म्हणजे पैसे मंजूर कामावरच खर्च झाले असं लिहून देणाऱ्या दाखल्याला, जोडावा, ही माझी मागणी आहे.

नुसता कागद असून भागत नाही, हे खम्ममने दाखवलंय. तेव्हाच्या आंध्र प्रदेशात, खम्मम जिल्ह्यात, आणि गुजरातेत वडोदऱ्याला 2009 मध्ये गर्भाशयमुखाच्या कर्करोगावरच्या लशीचा एक प्रात्यक्षिक प्रकल्प सुरू झाला. एक अमेरिकी संस्था, आपली आयसीएमआर (भारतीय वैद्यकीय संशोधन परिषद) आणि राज्य सरकारं असे भागीदार. लस घेणाऱ्या 10 ते 14 वर्षांच्या मुली, खम्ममात त्यातल्या अनेक आदिवासी आणि वसतिगृहांत राहणाऱ्या. सात मुलींच्या मृत्यूनंतर 2010 च्या एप्रिलमध्ये प्रकल्प थांबवला गेला. ते मृत्यू लशीमुळे झाल्याचं चौकशीत आढळलं नाही, हे स्पष्टपणे सांगायला हवं. लशीबद्दल अफवा पसरवायला कुणी हे उदाहरण वापरू नये. पण चौकशीत संमतिपत्रं बाहेर आली. संसदेच्या स्थायी समितीने 2013 च्या ऑगस्टमध्ये जो अहवाल दिला त्यानुसार आंध्रातल्या 9,543 संमतिपत्रांपैकी 2,763 वर वसतिगृहाच्या वॉर्डनने सही केली होती आणि 1,948 वर अंगठे होते. फाइल पूर्ण होती. आईबापांना कुणी विचारलं होतं का, हे त्या फायलीवरून कळत नव्हतं.

यानंतर नियम सुधारले, हे नाकारण्यात अर्थ नाही. आयसीएमआरची 2017 ची नैतिक मार्गदर्शक तत्त्वं वाचली तर त्यात समाजाला सोबत घेण्याबद्दल बरंच चांगलं लिहिलंय. गावप्रमुखाने 'हो' म्हटलं म्हणून घरातल्या माणसाची संमती गृहीत धरायची नाही. वाचता न येणाऱ्याचा अंगठा घेताना संशोधकांशी संबंध नसलेला, वाचता येणारा साक्षीदार हवा. संशोधन नैतिक आहे का ते तपासणाऱ्या नीतिसमितीत डॉक्टर-शास्त्रज्ञांबरोबर कायद्याचा जाणकार, समाजशास्त्राचा माणूस आणि सर्वसामान्य लोकांतून एक सदस्य हवा, अध्यक्ष संस्थेबाहेरचा हवा. हे सगळं योग्य आहे आणि ते पाळलंच पाहिजे. आरोग्याबाहेरच्या विषयांवर, म्हणजे शेती, पाणी, शिक्षण, स्थलांतर यांवर काम करणाऱ्या कितीतरी विभागांत अजून अशी समितीही नसते, ती व्हायला हवी.

पण या नियमांमध्ये गावातला माणूस कोण म्हणून येतो? ज्याच्यावर संशोधन होतं तो, म्हणजे रक्त देणारा, प्रश्नावलीला उत्तर देणारा. विद्यापीठाच्या हिशेब विभागात तोच माणूस दुसऱ्या रूपात येतो, पुरवठादार म्हणून. ज्याने प्रश्न काय विचारायचा ते ठरवलं, मोजमाप केलं, आलेल्या आकड्यांचा अर्थ लावला, त्याच्यासाठी दोन्हीकडे रकाना नाही. आणि रकाना नसला की माणूस एकतर त्या दोनपैकी एकात कोंबला जातो, नाहीतर गाळला जातो.

मी काम करत होते त्या एका विद्यापीठातलं सांगते. सह्याद्रीच्या उतारावरच्या वाड्यांमध्ये झऱ्यांचं पाणी वर्षभर कसं कमी होत जातं, याची नोंद ठेवायची होती. ती कोण ठेवणार? आम्ही महिन्यातून एकदा जाणार, झरा मात्र रोज वाहतो. बचत गटातल्या बायका म्हणाल्या, आम्ही ठेवतो. पद्धत सोपी आहे: झऱ्याच्या तोंडाशी मापाची बादली धरायची, मोबाइलवर सेकंद मोजायचे, बादली भरायला किती वेळ लागला ते वहीत लिहायचं. सोपी पद्धत, पण काम सोपं नव्हे. पावसात त्या निसरड्या पायवाटेने रोज सकाळी जायचं. त्यातल्या एकीने पहिल्याच पावसाळ्यात सांगितलं, "ताई, तुम्ही नकाशात धरलाय तो खालचा झरा वेगळा नाहीच, वरचंच पाणी दगडाखालनं जाऊन तिथं फुटतंय." पुढे आम्ही तपासलं, ती बरोबर होती. आमच्या अहवालाचा निम्मा अर्थ त्या एका वाक्यावर उभा आहे.

मानधन द्यायची वेळ आली तेव्हा हिशेब विभागाने व्हेंडर नोंदणीचा फॉर्म पाठवला. जीएसटी क्रमांक, पॅन, रद्द केलेला चेक, दुकान-आस्थापना नोंदणी. पाणी मोजायच्या कामासाठी तीन दरपत्रकं. मी संबंधित साहेबांना भेटले. माणूस सज्जन होता, मनापासून म्हणाला, "मॅडम, मला कळतं हो. पण उद्या ऑडिट पॅरा निघाला तर माझ्या पेन्शनमधून पैसे जातात." हे त्यांचं भय खोटं नव्हतं. शेवटी तोडगा निघाला, प्राध्यापकांनी स्वतःच्या खिशातून पैसे द्यायचे आणि 'इतर खर्च' म्हणून परत मागायचे. बायकांना पैसे मिळाले, पण फार उशिरा. आणि विद्यापीठाच्या दप्तरी त्यांचं काम 'इतर खर्च' या नावाने राहिलं.

असे तोडगे राज्यभर चालतात. क्षेत्रीय सहायकाच्या नावे पैसे काढून वाटायचे, जेवणाच्या बिलात बसवायचे, मस्टरवर सही घेऊन रेव्हेन्यू स्टॅम्प लावायचा. हे करणारे बहुतेक जण प्रामाणिक असतात आणि त्यांना एका प्रामाणिक कामासाठी खोटा कागद करावा लागतो. याचं मला सगळ्यात वाईट वाटतं. शिवाय जो खरोखर अप्रामाणिक आहे, त्याला याच वाटेने गावाच्या नावावर पैसे काढणं सोपं जातं.

यातली किती कागदपत्रं कायदा मागतो आणि किती कचेरीची सवय मागते, हे एकदा बसून वेगळं करायला हवं. पॅनचंच घ्या. व्यावसायिक शुल्कावर टीडीएस कापायची वार्षिक मर्यादा 2025-26 पासून 50 हजार रुपये झाली. गावातल्या बाईचं वर्षाचं मानधन त्याच्या आसपासही जात नाही, तिथे कर कापण्याचा प्रश्नच येत नाही. तरी पॅन नाही म्हणून बिल परत येतं. बँक खात्याचा घोळ निराळा. जनधन खात्यात दोन वर्षं व्यवहार झाला नाही की ते निष्क्रिय होतं, मग केवायसी, मग तालुक्याची फेरी, मजुरी बुडवून. बँका विलीन झाल्या की आयएफएससी कोड बदलतो आणि गेलेले पैसे परत फिरतात. या प्रत्येक फेरीचा खर्च त्या बाईच्या पदरचा. विद्यापीठाने ठरवलं तर हा भार स्वतःच्या माणसावर घेता येतो: बँकेचा प्रतिनिधी गावात बोलवावा, आगाऊ रक्कम गटाच्या खात्यात जमा करावी, हिशेब नंतर घ्यावा.

गटाच्या खात्यावर विश्वास कसा ठेवायचा, असं विचारलं जातं. 'उमेद' या राज्याच्या ग्रामीण उपजीविका अभियानातल्या बचत गटाकडे ठरावाची वही असते, पासबुक असतं, दर महिन्याच्या सभेची नोंद असते, आणि बँक त्याच्या भरवशावर तारणाशिवाय लाखांचं कर्ज देते. ग्रामसभेचं तर याहून पुढचं आहे. गडचिरोलीच्या धानोरा तालुक्यातल्या मेंढा (लेखा) गावाला 2009 मध्ये सामूहिक वनहक्क मिळाला. 2011 च्या एप्रिलमध्ये तेव्हाचे केंद्रीय मंत्री जयराम रमेश गावात आले आणि बांबूच्या वाहतूक परवान्याचं पुस्तक त्यांनी ग्रामसभेच्या हाती दिलं. त्यानंतर गावाने बांबू विकला, हिशेब ठेवला, पॅन काढला, करही भरला. आदिवासी भागांतल्या ग्रामसभांना अधिकार देणाऱ्या पेसा कायद्याच्या महाराष्ट्रातल्या 2014 च्या नियमांनी ग्रामसभेला स्वतःचा कोष ठेवायचा अधिकार दिला आणि आदिवासी उपयोजनेतला 5 टक्के अबंध (ठरावीक कामाचं बंधन नसलेला) निधी सरकार या गावांना थेट देतं. राज्य सरकार ज्या कोषात पैसे टाकतं, त्याच कोषाला संशोधनातला वाटा देताना विद्यापीठाने संस्था नोंदणीचं प्रमाणपत्र आणि मागच्या तीन वर्षांचे लेखापरीक्षित ताळेबंद मागावेत, याला काय आधार आहे?

नियम हलत नाहीत, हेही खरं नाही. शास्त्रज्ञांनी अनेक वर्षं आरडाओरडा केला की उपकरणं आणि रसायनं खरेदी करताना शासकीय खरेदीचे नियम संशोधन मारून टाकतात. त्यांचं म्हणणं रास्त होतं. 2025 च्या जूनमध्ये केंद्राने वित्तीय नियमांत त्यांच्यासाठी सवलत दिली. दरपत्रकाशिवाय खरेदीची मर्यादा 1 लाखावरून 2 लाखांवर गेली, आणि संस्थाप्रमुखांना सरकारी खरेदीच्या जीईएम पोर्टलबाहेरून खरेदीची मुभा मिळाली. चांगलं झालं. पण यंत्रासाठी आणि द्रावणासाठी जो विश्वास दाखवला, तो माणसांसाठी दाखवावा असं वित्त मंत्रालयाला कुणी सांगितलंच नाही, कारण झरा मोजणाऱ्या बायकांच्या वतीने दिल्लीत बोलणारं कुणी नसतं.

परदेशी निधीचा रस्ता तर 2020 मध्ये बंदच झाला. विदेशी देणगी नियमन कायद्यातल्या त्या वर्षीच्या दुरुस्तीने एका संस्थेला आलेला परदेशी निधी दुसऱ्या कुणाला देण्यावर सरसकट बंदी घातली आणि प्रशासकीय खर्चाची मर्यादा 50 वरून 20 टक्क्यांवर आणली. त्याआधी मोठी संस्था निधी मिळवायची, हिशेबाची जोखीम स्वतः घ्यायची आणि तालुक्यातल्या छोट्या संघटनेला त्यातला वाटा द्यायची. आता छोट्या संघटनेने स्वतः नोंदणी मिळवावी, दिल्लीतल्या स्टेट बँकेच्या ठरलेल्या शाखेत खातं उघडावं, नाहीतर मोठ्या संस्थेची पगारी नोकर व्हावं. परदेशी पैशावर देखरेख हवी याबद्दल वाद नाही. पण देखरेख आणि बंदी यांत फरक आहे, आणि बंदीचा फटका भागीदारीतल्या सगळ्यात अशक्त टोकाला बसला.

हिशेबाच्या कागदांइतकेच मला सामंजस्य करारांचे फोटो सलतात. महाविद्यालयं-विद्यापीठांचा दर्जा ठरवणाऱ्या नॅकच्या मूल्यांकनात संशोधन आणि विस्तारकार्याचा निकष आहे, आणि तिथे करार दाखवावे लागतात. त्यामुळे मूल्यांकनाच्या आधीच्या वर्षात ग्रामपंचायतींबरोबर भराभर करार होतात. सरपंचांचा सत्कार, शाल, श्रीफळ, बॅनर. करारात गावाने काय करायचं ते असतं, विद्यापीठाने किती पैसे, कुणाचा वेळ, कोणत्या तारखेपर्यंत द्यायचा ते नसतं. मुदत संपते तेव्हा नूतनीकरणाला कुणी येत नाही.

मुदतीच्या दडपणाखाली लोकसहभागाचं काय होतं याचा मोठा धडा आपल्याकडे लोकजैवविविधता नोंदवहीने दिलाय. कल्पना सुंदर. 2002 च्या जैवविविधता कायद्याखाली प्रत्येक स्थानिक संस्थेत समिती व्हावी आणि गावाने आपल्या वनस्पती, प्राणी, बियाणी, औषधी ज्ञान यांची नोंद स्वतः ठेवावी. बरीच वर्षं काम रेंगाळलं. मग राष्ट्रीय हरित लवादाने 31 जानेवारी 2020 ही अंतिम तारीख दिली आणि त्यानंतर राज्यांना महिन्याला 10 लाख रुपये भरपाईची ताकीद दिली. महाराष्ट्रात ग्रामपंचायती सुमारे 28 हजार. एवढ्या नोंदवह्या त्या वेळात गावाने बसून, म्हाताऱ्यांना विचारून, तिन्ही ऋतू पाहून तयार करणं शक्यच नव्हतं. अनेक ठिकाणी बाहेरच्या माणसांनी जुळवाजुळव करून वह्या भरल्या आणि शेजारशेजारच्या गावांच्या याद्या सारख्या निघाल्या. काही गावांनी मनापासून काम केलं, त्यांच्या वह्या आजही उपयोगी पडतात. पण आदेशाला हवी होती ती संख्या, आणि ती मिळाली.

मग चांगलं काम कसं दिसतं? ते महाराष्ट्रात आहे, दूर जायला नको. गडचिरोलीत डॉ. अभय आणि डॉ. राणी बंग यांच्या 'सर्च' या संस्थेने वसा आणि अमिर्झा या दोन गावांतल्या स्त्रियांच्या आजारांवर केलेला अभ्यास 1989 मध्ये 'लॅन्सेट' या वैद्यकीय नियतकालिकात आला. त्याने जगाला हादरवलं, कारण ग्रामीण बाईच्या ज्या दुखण्यांबद्दल कुणी विचारतही नव्हतं, ती बहुसंख्य बायकांना होती. पुढे 39 गावांत गावातल्याच कमी शिकलेल्या बायकांना आरोग्यदूत म्हणून तयार केलं, त्यांनी घरी जाऊन नवजात बाळांची काळजी घेतली आणि 1999 मध्ये त्याचे निष्कर्ष प्रसिद्ध झाले: नवजात बाळांचे मृत्यू निम्म्याहून खाली आले. आज देशभर आशा कार्यकर्ती बाळंतिणीच्या घरी ठरलेल्या दिवशी जाते, त्या पद्धतीच्या मुळाशी हे काम आहे. तिथे गावातली बाई संशोधनाचा विषय राहिली नाही, संशोधन तिच्या हातून झालं. मुंबईत रे रोडजवळच्या कौलाबंदर वस्तीतही हेच दिसलं. पोर्ट ट्रस्टच्या जमिनीवरची वस्ती म्हणून पालिकेचं पाणी नव्हतं. तिथे 'पुकार' या संस्थेबरोबर वस्तीतल्याच तरुणांनी घरोघर जाऊन पाण्याचा, आरोग्याचा अभ्यास केला. एका हंड्याला किती पैसे पडतात, पाणी कधी येतं, कोण किती साठवतं, हे बाहेरच्या सर्वेक्षकाला कुणी सांगितलं नसतं.

आणि मेंढा (लेखा). तिथे ग्रामसभेच्या जोडीला अभ्यास गट आहे. निर्णय ग्रामसभेत होतो, पण त्याआधी अभ्यास गटात चर्चा चालते, बाहेरच्या जाणकारांनाही तिथे बोलावतात. संशोधक तिथे गेला की तो प्रश्न विचारायला आलेला एकटा उरत नाही, त्यालाही प्रश्न विचारले जातात. दक्षिण आफ्रिकेतल्या सान लोकांनी 2017 मध्ये संशोधकांसाठी स्वतःची आचारसंहिता जाहीर केली, तीही याच जातीची गोष्ट. शतकभर लोक येऊन मोजमाप करून गेले, आता आमच्या अटी वाचा आणि मग या, असं त्यांनी सांगितलं.

या सगळ्या ठिकाणी संस्था भक्कम होत्या, माणसं जिद्दीची होती, वर्षानुवर्षं तिथेच राहणारी होती. एम.ए.ला शिकवणारा, तीन वर्षांचा प्रकल्प मिळालेला प्राध्यापक असं आयुष्य वाहू शकत नाही आणि त्याच्याकडून तशी अपेक्षाही करू नये. त्याच्यासाठी नियमच असा हवा की साधा माणूस साधेपणाने वागला तरी गावाला न्याय मिळेल. म्हणून मी एक ठोस मागणी करते.

प्रकल्प संपताना विद्यापीठ निधी देणाऱ्याला उपयोगिता प्रमाणपत्र देतं. केंद्राच्या अनुदानासाठी त्याचा ठरलेला नमुना आहे, जीएफआर 12-ए. पैसे मंजूर कामावरच खर्च झाले, असं त्यावर लिहून देतात. त्याशिवाय पुढचा हप्ता येत नाही, त्यामुळे अख्खं विद्यापीठ त्या एका कागदासाठी धावतं. त्या कागदाला एक पान जोडा. ज्या ग्रामसभेबरोबर, गटाबरोबर, वस्तीबरोबर काम झालं तिचा दाखला: अमुक तारखेला संशोधकांनी येऊन काय सापडलं ते आम्हाला समजेल अशा भाषेत सांगितलं, आकड्यांची आणि नकाशांची प्रत दिली, ठरलेलं मानधन या तारखेला पोचलं, अहवालात आमच्या माणसांची नावं त्यांच्या इच्छेप्रमाणे आली आहेत. खाली सह्या. हे पान नसेल तर शेवटचा हप्ता अडेल.

यामुळे एका क्षणात दिशा बदलते. आज धावपळ गावाने करायची, कागद गावाने आणायचे, आणि सहीला थांबायचं तेही गावाने. उद्या विद्यापीठाच्या वित्त अधिकाऱ्यालाच वाटेल की बायकांचं मानधन वेळेत गेलं पाहिजे, कारण त्यांची सही लागणार आहे. अंदाजपत्रकात गावातल्या बैठकीचा, प्रवासाचा, मराठी किंवा माडिया, गोंडी, कोरकूतल्या मांडणीचा खर्च सुरुवातीलाच धरला जाईल. आता तो धरत नाहीत, कारण शेवटी कुणी विचारणार नसतं. प्रबंध 'शोधगंगा' या प्रबंधांच्या संकेतस्थळावर चढतो, लेख परदेशी नियतकालिकात जातो, आणि ज्या झऱ्याबद्दल तो आहे तिथल्या लोकांना त्यातलं एक पानही दिसत नाही.

यावर दोन आक्षेप येतील आणि दोन्ही गंभीर आहेत. पहिला, संशोधकाच्या स्वातंत्र्याचा. निष्कर्ष गावाला आवडले नाहीत तर? समजा अभ्यासात निघालं की विहिरीवर अजून जात पाहिली जाते, किंवा बालविवाह होतात, तर गाव सही देईल का? म्हणूनच दाखल्याचे शब्द नेमके हवेत. 'आम्हाला सांगितलं' एवढंच त्यात असावं, 'आम्हाला मान्य आहे' असं मुळीच नसावं. मतभेद असेल तर गावाने तो दोन ओळींत लिहावा, तोही जोडला जावा. अहवाल बदलण्याचा अधिकार गावाला नाही. आणि कुणी सही अडवून धरली तर बैठकीची नोटीस, पंचनाम्यासारखी नोंद आणि हजेरी एवढ्यावर नीतिसमितीने दाखला ग्राह्य धरावा.

दुसरा आक्षेप मला जास्त भिडतो. गाव म्हणजे कोण? सरपंचाची सही म्हणजे दलित वस्तीची सही नव्हे, भटक्यांच्या पालावरची नव्हे, घराबाहेर न पडणाऱ्या सुनेची तर नव्हेच. बहुतेक गावांत विद्यापीठाची गाडी प्रथम ज्या वाड्यासमोर थांबते तिथूनच पुढचा सगळा 'लोकसहभाग' ठरतो. म्हणून सही त्यांची हवी ज्यांनी काम केलं आणि ज्यांच्याबद्दल काम झालं. झऱ्याचा अभ्यास असेल तर पाणी भरणाऱ्या बायकांच्या गटाची. ऊसतोड मजुरांचा असेल तर टोळीची, कारखान्याची किंवा मुकादमाची नव्हे. कोणाची सही लागेल हे प्रकल्पाच्या अर्जातच लिहावं आणि नीतिसमितीने ते तपासावं. समितीतला सर्वसामान्यांमधला सदस्य आज बहुतेक ठिकाणी शहरातला निवृत्त अधिकारी किंवा शिक्षक असतो. हे तपासायला तो त्या भागातला, अशा कामात राहिलेला माणूस असला पाहिजे, आणि त्याच्या बैठकीचा भत्ता आणि प्रवासखर्च प्रोफेसरांच्या बरोबरीने मिळाला पाहिजे.

खोटे दाखले निघतील का? निघतील. जिथे सही लागते तिथे खोटी सही होतेच, खम्ममने ते शिकवलंय. पण दाखला गावाच्या दप्तरात राहील, ग्रामसभेच्या इतिवृत्तात राहील, माहिती अधिकारात मागता येईल. आज खोटेपणा उघड करायला गावाच्या हातात काहीच नाही, कारण गावाचं काही देणं लागतो असं विद्यापीठाने कुठे लिहूनच दिलेलं नाही.

याला संसदेचा कायदा लागत नाही. निधी देणाऱ्या संस्थांनी केलं तर सगळ्यात उत्तम, पण त्यांची वाट पाहायचं कारण नाही. विद्यापीठाच्या वित्त व लेखा समितीने आणि व्यवस्थापन परिषदेने ठराव केला की स्वतःच्या निधीतल्या छोट्या प्रकल्पांपुरतं हे पान सुरू करता येतं. त्याच ठरावात आणखी दोन गोष्टी याव्यात. पहिली, गावातल्या सहसंशोधकाच्या मानधनासाठी स्वतंत्र लेखाशीर्ष, म्हणजे ते पुन्हा 'इतर खर्च' होणार नाही. दुसरी, ग्रामसभेचा किंवा बचत गटाचा ठराव आणि पासबुकाची प्रत एवढ्यावर आगाऊ रक्कम देण्याची परवानगी, ठरावीक मर्यादेपर्यंत, म्हणजे हिशेब विभागातल्या त्या सज्जन माणसाला स्वतःच्या पेन्शनची भीती राहणार नाही. येत्या आर्थिक वर्षाचं अंदाजपत्रक बहुतेक विद्यापीठांत मार्चमध्ये अधिसभेसमोर (सिनेटसमोर) येतं. अधिसभेत निवडून गेलेले पदवीधर आणि अध्यापक प्रतिनिधी आहेत, त्यांना हा प्रस्ताव मांडता येतो. तुमच्या ओळखीचा कुणी असेल तर त्याला त्याआधी गाठा.